वायरलेस ड्रायव्हरमधील जादा मेमसेट: काढावा की राहू द्यावा?

स्रोतवाचक
केझॅलॉक या लिनक्सच्या फंक्शनने मेमरी घ्यायची आणि पुढच्याच ओळीत तीच मेमरी मेमसेटने (जागा एकाच मूल्याने भरणाऱ्या फंक्शनने) पुन्हा शून्य करायची, असा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) लिनक्सच्या वायरलेस ड्रायव्हरसाठी आला, तर परीक्षकाने तो परत पाठवावा असे माझे मत आहे. केझॅलॉक शून्य केलेलीच मेमरी देते. उपकरणालाही थेट वापरता येणारी मेमरी देणारे डीएमए-अलॉक-कोहेरंटही लिनक्सच्या ५.० या आवृत्तीपासून नेहमी तशीच मेमरी देते, म्हणून तर डीएमए-झॅलॉक-कोहेरंट हे वेगळे फंक्शन त्याच आवृत्तीत काढून टाकले गेले. वेळ वाया जातो हा मुद्दा गौण आहे, कारण प्रोब (उपकरण सापडल्यावर ते सुरू करणारे ड्रायव्हरचे फंक्शन) काही सतत चालत नाही. भुर्दंड पडतो तो वाचणाऱ्याला: इथे जुनी माहिती उरत असणार असे समजून तो ती शोधत बसतो.

रेडिओकर्मी
लागून आलेल्या दोन ओळींपुरते मान्य; मात्र ‘मेमरी आधीच शून्य आहे’ या सबबीवर येणारा प्रत्येक पॅच तितका निरुपद्रवी नसतो. एथ१०के या वायफाय ड्रायव्हरच्या ॲड-इंटरफेसमध्ये, म्हणजे नवा नेटवर्क इंटरफेस जोडणाऱ्या फंक्शनमध्ये, त्या इंटरफेसची ड्रायव्हरसाठी राखलेली खासगी जागा मेमसेटने शून्य केली जाते. मॅक८०२११ हा लिनक्समधला वायफाय ड्रायव्हरांचा सामाईक थर ती जागा पहिल्यांदा शून्य करूनच देतो, त्यामुळे ही ओळ वरवर पाहता फालतू वाटते. परंतु फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) कोलमडून हार्डवेअर रिस्टार्ट झाले, की मॅक८०२११ त्याच इंटरफेससाठी ॲड-इंटरफेस पुन्हा बोलावतो, आणि तेव्हा त्या जागेत आधीच्या फेरीतील क्रमांक व खुणा जशाच्या तशा पडून असतात.

स्रोतवाचक
प्रत्येक ड्रायव्हरला हे लिहावे लागू नये, म्हणूनच २०२४ मध्ये मॅक८०२११ने इंटरफेस बंद होताना ही जागा स्वतःच पुसायला सुरुवात केली ना? मग ड्रायव्हरागणिक तेच काम कशाला?

रेडिओकर्मी
ती सोय इंटरफेस बंद करून पुन्हा चालू करण्यापुरती आहे. ही पुसापुशी इंटरफेस काढणाऱ्या रिमूव्ह-इंटरफेस या फंक्शननंतर होते; रिस्टार्टमध्ये ते बोलावलेच जात नाही, मग पुसणार कोण? मेमरी कोणी दिली एवढेच पाहून भागत नाही. त्या ओळीपर्यंत नियंत्रण कोणकोणत्या वाटांनी आणि कितीदा पोहोचते, हेही परीक्षकाने तपासायला हवे.

स्रोतवाचक
तसे असेल तर मेमसेटच्या वर ‘रिस्टार्टसाठी आवश्यक’ अशी टिप्पणी असलीच पाहिजे. ती नसताना कोणी ओळ काढली, तर दोष एकट्या काढणाऱ्याचा मी मानणार नाही.

अर्धविराम
टिप्पणी जरूर असावी, पण काढणाऱ्याला इतके मोकळे सोडू नये. कॉक्सिनेल या कोडमधले ठरावीक नमुने शोधणाऱ्या साधनाची तयार स्क्रिप्ट एकाच फंक्शनमधली अलॉक-मेमसेटची (मेमरी घेणे आणि लगेच शून्य करणे) जोडी पकडते. ॲड-इंटरफेसमधला एकटा मेमसेट तिच्या नजरेत येत नाही. तो हाताने शोधून काढणाऱ्याने रिस्टार्टची वाट तपासल्याचे कमिटच्या मजकुरात (बदलासोबतच्या नोंदीत) लिहावे, आणि ते वाक्य नसेल तर मी तरी पॅच स्वीकारणार नाही.