निवेदकाचं दप्तर आणि स्पूल वाचनालयाकडे आलेत, सुरुवात कुठून करावी?

कपाटकिल्ली:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला एका दिवंगत निवेदकांच्या घरच्यांनी त्यांचं सगळं दप्तर दिलं आहे. १९५८ पासून आकाशवाणी, १९७३ नंतर मुंबई दूरदर्शनही. एकूण सहा खोकी: संहिता, करारपत्रं, श्रोत्यांची पोस्टकार्डं, डायऱ्या, फोटो, कात्रणं. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या पाव इंची टेपचे अकरा स्पूल (रिळं) आणि चार यू-मॅटिक (जुन्या पद्धतीच्या व्हिडिओ) कॅसेट. टाचण्या गंजल्या आहेत, एका खोक्याला दमट वास येतो. संहितांवर वार आणि तारीख आहे, साल नाही.
मुलाखती एकीकडे, श्रुतिका एकीकडे, पत्रं एकीकडे असं विषयवार लावायचा विचार आहे. स्पूल वाजवायला एक जुनं मशीनही मिळतंय. आधी काय करावं? वेबसाइटवर काय टाकता येईल?

दप्तरखाना:
विषयवार लावू नका, हे सगळ्यात आधी. करारपत्र, कच्ची संहिता, पाहुण्याचं पत्र आणि नंतर आलेली पोस्टकार्डं एका दोऱ्यात बांधलेली असतील, तर तो गठ्ठा म्हणजे एका कार्यक्रमाची फाइल आहे. एकदा फोडलीत की कुठलं पोस्टकार्ड कशाबद्दल आलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. विषय यादीत नोंदवा, कागद जागेवर राहू द्या.

खोकं उघडलं की प्रत्येक थराचा फोटो घ्या. मग २बी पेन्सिलीने कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात क्रमांक टाका: खोकं/गठ्ठा/कागद, म्हणजे ३/१२/४. फोटो आणि स्पूल वेगळे ठेवावेच लागतात. त्यांच्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. यादीत कागदावरची तारीख आणि तुम्ही अनुमानाने काढलेली तारीख यांचे रकाने वेगळे हवेत.

दमट खोकं आजच दुसऱ्या खोलीत न्या. बुरशी बोट लावल्यावर फासली जात असेल तर ती जिवंत आहे. तशीच झटकलीत तर कागदात रुतते. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणून कागद आधी कोरडे होऊ द्या, मग मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ऊन दाखवू नका. कसर असेल तर कागद पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशाला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं. फोटो आणि टेप फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत.

गंजलेली टाचणी सरळ ओढली की कागदाचा तुकडा घेऊन येते. दोन्ही बाजूंना पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, गंज सुटू द्या, मग जिथून टोचली त्याच दिशेने मागे घ्या. बदल्यात नवी पिन नको. आम्लरहित कागदाची घडी पुरते. लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. फॅक्सचे कागद असतील तर ते आधी स्कॅन करा, ती अक्षरं उडतात.

साल काढायला वार-तारखेची जोडी कॅलेंडरवर ताडून बघा. तीच जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते, त्यामुळे उमेदवार थोडेच उरतात. पुढचं काम पत्त्यांवरून होतं. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. नुसतं 'मुंबई २०' असा जुना टपाल विभागाचा आकडा असेल तर पत्र बहुधा त्याआधीचं. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ ला आकाशवाणीपासून वेगळं झालं, म्हणून त्याआधीचं टीव्हीचं पत्र ऑल इंडिया रेडिओच्या कागदावर दिसलं तर ते चुकून तिथे आलंय असं समजू नका. सरकारी पत्रावर राष्ट्रीय पंचांगाची शके तारीख असेल तर फारच सोपं: इसवी सन काढायला १० पौषापर्यंत शकात ७८ मिळवा, त्यानंतर ७९.

फीतघर:
स्पूल इतक्यात वाजवू नका. आधी उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर तिची पट्टी अॅसिटेट प्लास्टिकची, नाही दिसला तर बहुधा पॉलिएस्टरची. अॅसिटेटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो स्पूल बाकीच्यांपासून दूर ठेवा, ती वाफ शेजारच्या टेपही बिघडवते.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पॉलिएस्टर टेपचा त्रास वेगळा. चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटा ओलावा शोषतो, टेप चालताना किंचाळते आणि हेडवर (मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी लगदा सोडते. ते दिसताच थांबा, कारण तो लगदा म्हणजे ध्वनिमुद्रणच आहे. अशी टेप तापमान नेमकं राखणाऱ्या यंत्रात ५० ते ५५ अंशाला आठ तास किंवा जास्त तापवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तिची डिजिटल प्रत करून घेतात. घरचा ओव्हन त्यासाठी चालत नाही. अॅसिटेट तर कधीच तापवायची नाही.

मशीन घरगुती आहे की स्टुडिओचं ते तपासा. घरगुती बहुतेक पाव-ट्रॅकची, म्हणजे टेपच्या रुंदीचा साधारण चौथा भागच वाचणारी असतात. रेडिओची टेप पूर्ण किंवा अर्ध्या ट्रॅकची, त्यामुळे आवाज क्षीण आणि खरखर जास्त येते. वेग डब्यावर नसेल तर हिशेब करा: सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप, साडेसात इंच प्रति सेकंदाने ३२ मिनिटं, पंधराने १६. हेडचा तिरकेपणा प्रत्येक टेपसाठी नव्याने लावावा लागतो. 'स', 'श' सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव (WAV) फाइल करा. मोनोचा एक तास साधारण १ जीबी. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नका. जुने जोड सुटतातच, ते स्प्लायसिंग टेपने (ध्वनिफीत जोडायच्या खास चिकटपट्टीने) जोडा.

यू-मॅटिकच्या तळाचं लाल बटण आज काढून ठेवा, म्हणजे चुकूनही वरून मुद्रण होणार नाही.

कपाटकिल्ली:
आभार. एका कार्यक्रमाच्या दोन प्रती आहेत, एकीवर लाल पेन्सिलीने ओळी खोडल्यात. एकच ठेवू का? स्पूलवर कार्यक्रमाचं नाव नाही, नुसते आकडे आहेत.

संहितावाचक:
दोन्ही ठेवा. लाल पेन्सिलीची प्रत प्रत्यक्ष माइकसमोर वाचलेली असण्याची शक्यता जास्त: समासातली मिनिटं-सेकंदं, श्वासाच्या तिरप्या रेघा, वेळेसाठी कापलेला मजकूर. ती स्पूलच्या आवाजाशी ओळीने ताडली की आकड्यांचा उलगडा होईल. यादीत संहितेच्या नोंदीसमोर स्पूलचा क्रमांक हवाच.

या कागदांची किंमत इथे कळते. टेप पुसून पुन्हा वापरणं जगभरच्या केंद्रांवर चालत असे. पत्रकार अॅलिस्टर कुक यांचं बीबीसी रेडिओवरचं 'लेटर फ्रॉम अमेरिका' १९४६ ते २००४ चाललं, २,८६९ भाग. बरीच मुद्रणं बीबीसीकडे उरली नव्हती. शेकडो भाग श्रोत्यांनी घरी टेप केले होते म्हणून परत मिळाले. कुक यांचे कागद बोस्टन विद्यापीठात जपलेले आहेत. ज्या भागांचा आवाज गेला, त्यांत काय म्हटलं होतं ते संहितेतूनच कळतं. तुमच्याकडे अकरा स्पूल आणि सहा खोकी कागद, म्हणजे बहुतेक कार्यक्रमांचा कागद हाच एक पुरावा.

वेबसाइटचं असं. पत्राचा कागद तुमचा, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, मृत्यूनंतर ६० वर्षं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या संहितेचा पहिला हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचा. कराराने केलेल्या कामासाठी प्रत्येक करारपत्रातली अट वाचा. प्रसारणाचा हक्क २५ वर्षांचा, पण आतलं संगीत आणि लेखन यांचे हक्क वेगळे उरतात. जतनासाठी डिजिटल प्रत करायला बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं, मूळ प्रत ग्रंथालयाकडे असेल तर. ती प्रत सर्वांसाठी खुली करणं ही वेगळी गोष्ट. त्यामुळे वेबसाइटवर आधी यादी टाका, अभ्यासकाला तिचाच सर्वांत जास्त उपयोग. पोस्टकार्डांची चित्रं टाकाल तेव्हा श्रोत्यांचे पत्ते झाका.

आणि भेटपत्र केलं नसेल तर लगेच करा. त्यात कागद-टेपची मालकी आणि लेखनाचे हक्क यांची कलमं वेगवेगळी लिहा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, खोकी आणून देणाऱ्या एकट्याची नव्हे.