टेस्टिंगमधून क्वालिटी लीडकडे: तुमचे अनुभव सांगा

पाऊलवाट
संघात नव्यानेच आलेल्या एका मुलाने परवा जेवणाच्या सुट्टीत अगदी निरागसपणे विचारले, "मॅडम, तुम्ही स्वतः टेस्टिंग करत नाही, मग दिवसभर करता तरी काय?" बढतीनंतरचे पहिले काही महिने हाच प्रश्न मलाही पडत असे.

तेव्हा आमचे सॉफ्टवेअर दुकानदारांची बिले तयार करत असे. जीएसटीत पैशाचा फरक पडतो, अशी तक्रार टेस्टर पुन्हा पुन्हा नोंदवत आणि डेव्हलपर ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करत. १०.०५ रुपयांच्या तीन वस्तूंवर केंद्राचा ९ टक्के कर ओळीवार काढला, तर प्रत्येकी ९० पैसे धरून २.७० रुपये होतात, एकूण ३०.१५ रुपयांवर काढला, तर २.७१. टेस्टर म्हणून मी तो फरक दर वेळी पकडला असता. लीड झाल्यावर मात्र मला विचारावे लागले की, यांपैकी आपली पद्धत कोणती हे ठरवले कोणी? कोणीच ठरवले नव्हते. तेव्हापासून कोड लिहिण्याआधीच्या चर्चेत एक टेस्टर बसू लागला, आणि तो तिथे बसेल हे पाहणे, हेच माझे दिवसभराचे काम झाले.

तिरफळ
आमच्याकडे गोंधळ मोजणीचा होता. ज्याने नोंदवलेले बग, म्हणजे दोष, जास्त त्याचे अप्रेझल चांगले, अशी पद्धत असल्यामुळे लोक एकाच दोषाची क्रोमवर एक, फायरफॉक्सवर एक आणि मोबाइलवर एक अशी तीन तिकिटे, म्हणजे तक्रारीच्या तीन नोंदी, टाकत, डेव्हलपर त्यांतली दोन डुप्लिकेट म्हणून बंद करत, आणि सकाळची बैठक म्हणजे भावकीतला बांधाचा तंटा होऊन बसे. मी ती मोजणी थांबवून फक्त ग्राहकापर्यंत पोहोचलेले दोष मोजायला आणि प्रत्येकाचा उगम कुठे झाला ते लिहायला सुरुवात केली. वरिष्ठांनी फारशी हरकत घेतली नाही. नाराज झाले ते आमचे उत्तम टेस्टर, कारण त्यांची सगळी पत त्या आकड्यावर उभी होती. त्यांची समजूत काढण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा नवीन ऑटोमेशन उभे करण्यातही गेला नाही.

शाईपेन
टेस्टर असताना रिलीज, म्हणजे ग्राहकांकडे जाणारी नवी आवृत्ती, अडवण्यात मला एक प्रकारचा रुबाब वाटे. क्वालिटीची जबाबदारी आल्यावर मी नकार देणे जवळजवळ सोडून दिले आणि बैठकीत एक पान ठेवू लागलो: काय तपासलेले नाही, बिघडल्यास किती ग्राहक अडकतील, आणि मागे घ्यायला किती मिनिटे लागतील. निर्णय धंदा सांभाळणाऱ्याने घ्यावा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे तपासणी नव्हती असे नाही. तपासणाऱ्या प्रणालीतच दोष होता आणि ते अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेले. त्यानंतर आमच्या पानावर "आधी किती टक्के ग्राहकांना" हा रकाना आला. एरवी त्यासाठी मला वर्षभर भांडावे लागले असते.

कडेकपारी
बढतीसाठी आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र घ्यावे का? सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचे आहे, त्यामुळे सध्या एवढेच विचारून पळते.

तिरफळ
कडेकपारी, जरूर घ्या, मुलाखतीपर्यंत पोहोचायला त्याचा उपयोग होतो. मात्र रात्र जागून शोधलेला दोष या रिलीजमध्ये दुरुस्त होणार नाही, हे हाताखालच्या माणसाला कसे सांगायचे, ते तुम्हाला कामावरच शिकावे लागेल. सासूबाईंना आराम पडो.

पाऊलवाट
शाईपेन, मागे घेण्याची मिनिटे तुम्ही अंदाजाने लिहिता की करून पाहता? डेटाबेसची रचना बदललेली असली, की आमच्याकडे मागे फिरणे फक्त कागदावर सोपे असते.

शाईपेन
स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्या प्रणालीसारख्याच चाचणीच्या प्रतीवर, करूनच पाहतो. डेटाबेसमधला कॉलम काढून टाकणारा बदल आम्ही कोडबरोबर सोडत नाही. आधी कोड त्याचा वापर थांबवतो, तो रिलीज काही दिवस सुरळीत चालला, की पुढच्या खेपेला कॉलम जातो. डेव्हलपरांना हे सुरुवातीला वेळकाढूपणाचे वाटले, पण मध्यरात्रीचे फोन कमी झाल्यावर तेच नव्या लोकांना हा नियम समजावू लागले.