सीसीटीव्ही सर्व्हर: ई४डीफ्रॅग चालवूनही फायलींचे तुकडे तेवढेच

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचा सर्व्हर. ८ कॅमेरे, ७२०० आरपीएमची ४ टीबी हार्डडिस्क, लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत), ९४ टक्के भरलेली. १ जीबीचं जुनं रेकॉर्डिंग कॉपी व्हायला मिनिटभर लागतंय. तुकडे मोजणारं फाइलफ्रॅग त्या फाइलचे ४२०० एक्स्टेंट (सलग तुकडे) दाखवतंय. तुकडे जोडणारं ई४डीफ्रॅग चालवलं, आकडा जागचा हलला नाही. लिनक्सला डीफ्रॅग लागत नाही म्हणतात, मग हे काय?

रंकाळा_रूट:
मिनिटाचा हिशोब जुळतोय भावा. ४२०० तुकडे म्हणजे एकेक २५० केबीच्या आसपास. दर तुकड्याला हेड सरकून प्लॅटर फिरेपर्यंत साधारण १२ मिलिसेकंद धर, ५० सेकंद नुसत्या शोधाशोधीत गेले. सलग असती तर सेकंदाला १५० एमबीनं ७ सेकंदांत संपली असती. (एसएसडी असती तर यात पडूच नको म्हटलं असतं.)

ई४डीफ्रॅग आधी मोकळ्या जागेत तेवढीच दुसरी फाइल मांडतं, मग ब्लॉकची अदलाबदल करतं. आधीपेक्षा बरी जागा सापडली नाही तर मूळ फाइलला हात लावत नाही. तुझं तेच झालंय. मोकळ्या जागेचे तुकडे दाखवणाऱ्या ई२फ्रीफ्रॅगला पार्टिशन देऊन बघ. तक्त्यात मोकळी जागा बहुतेक १ एमबीच्या आतल्या तुकड्यांत दिसली, तर आधी जुनी रेकॉर्डिंग उडवून डिस्क ८० टक्क्यांवर आण. मगच बंद झालेल्या फायलींवर चालव.

खासबाग_शेल:
दुखणं लिहिण्यात आहे. आठ कॅमेरे एकाच वेळी थोडंथोडं लिहितात. त्यात सॉफ्टवेअर दर सेकंदाला एफसिंक मारत (डेटा लगेच डिस्कवर उतरवायला लावत) असेल, तर ईएक्सटी४ची डेटा साठवून उशिरा जागा वाटायची सोय वाया जाते. सेटिंगमध्ये प्री-अलोकेशन (फाइलची जागा आधीच राखणं) असेल तर चालू करा. बाहेरून फॅलोकेट कमांडनं जागा अडवाल, पण सॉफ्टवेअरनं फाइल ट्रंकेट करून (रिकामी करून) उघडली की ती जागा सुटलीच.

शिरोलीकर:
प्री-अलोकेशन नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर जाऊ का?

खासबाग_शेल:
चालेल. नव्या डिस्कवर रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी फोल्डरला एक्सएफएस_आयओ कमांडनं एक्स्टसाइझ (एका वेळी किती जागा द्यायची ते) १६एम लावा. आत तयार होणाऱ्या फायलींना ते आपोआप लागतं, मग जागा १६ एमबीच्या घासानं मिळते. आधीपासूनच्या फायलींना लागत नाही.

रंकाळा_रूट:
आणि तिथं एक्सएफएस_डीबी कमांडचा फ्रॅग (तुकडेपणाचा) टक्का बघून घाबरू नको. फाइलमागं सरासरी १० एक्स्टेंट झाले की तो ९० टक्के दाखवतो, मग ते एक्स्टेंट १०० एमबीचे का असेनात.