कोकणातल्या मालवाहू गाड्या: घाट आहे म्हणून डिझेलच?

खाडीकाठ (धागाकर्ता):
आपल्याकडे मालाची गाडी घ्यायचा विषय निघाला की सगळे एकच सांगतात, "घाट आहे, डिझेलच घे." मला हे सरसकट पटत नाही. इथल्या गाड्यांची कामं दोन प्रकारची आहेत. एक लांबचं: वाशीच्या घाऊक बाजारात आंबा, गगनबावड्याने कोल्हापूर, कुंभार्लीने कराड. दुसरं रोजचं, जवळचं. मिरकरवाडा बंदरातून मासळी बाजारात, बर्फ कारखान्यातून बंदरावर, चिपळूण-कुडाळच्या घाऊक दुकानांतून खेड्यांत किराणा, पाण्याचे जार, सिमेंटच्या चार पिशव्या. या दुसऱ्या कामाला विजेवरची छोटी गाडी आजच परवडते, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब मांडतो. टाटा एस ईव्ही २०२२ साली आली. बॅटरी २१.३ युनिटची, कंपनीचा आकडा १५४ किलोमीटर. आपले चढउतार आणि माल धरून शंभरच पकडा. युनिट १० रुपये आणि चार्जिंगमधली गळती धरली तरी भरलेली बॅटरी २५० रुपयांच्या आसपास पडते. तेवढ्याच अंतराला डिझेलचा छोटा हत्ती, म्हणजे डिझेलवरची एस, पाच लिटर पितो. ९० च्या भावाने ४५० झाले. हा फरक रोजचा आहे.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी बसू लागली. दोन किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा चालू, अशा कामात ती काजळी जाळण्याइतकी तापत नाही. काजळी साचते आणि गाडी गॅरेजला जाते.

कलमबाग:
तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो दोन गाड्या असणाऱ्याचा. इथे बहुतेकांकडे एकच गाडी असते. तीच मार्च ते मे वाशीला जाते आणि उरलेलं वर्ष गावात भाडी मारते. तुम्ही म्हणता ती गाडी ६०० किलो माल नेणारी. पाच डझनी पेटी वीस किलोच्या आसपास धरली तर तीस पेट्या. तीस पेट्या घेऊन रत्नागिरीहून तीनशेच्या वर किलोमीटर कोण जाईल? आणि वाटेत बॅटरी भरत थांबलं तर आंबा हौद्यात तापतो, पहाटेचा बाजार चुकतो. वर्षाची खरी कमाई त्या तीन महिन्यांत होते. जी गाडी त्या तीन महिन्यांत उपयोगाची नाही, तिचा हप्ता बाकीचे नऊ महिने कशाच्या जोरावर भरायचा?

मालवणचो दर्यावर्दी:
खाडीकाठानु, तुमचा म्हणना वायट नाय, पण लायटीचा काय? पावसात एक झाड तारेवर पडला की आख्खो गाव काळोखात. २०२१ च्या तौक्तेत काय झाला ता सगळ्यांनी बघितला. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळान तिकडे श्रीवर्धन-दापोलीची काय गत केली! डिझेलचो कॅन घरात ठेवूक येता. लायट कॅनात भरून ठेवूक येता काय?

खाडीकाठ:
दर्यावर्दी, निसर्ग ३ जून २०२० ला आलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ते मी नाकारत नाही. पण मासळीच्या कामात वीज गेली की बर्फही बनत नाही. बर्फ नाही तर उचलायला माल कुठून येणार? धंदा आधीच विजेवर बसलेला आहे. जिथे बर्फ कारखाना जनरेटरवर चालतो तिथे एक छोटी गाडीही भरता येईल.

कलमबाग यांचा मुद्दा मात्र जड आहे. माझं म्हणणं असं की त्या तीन महिन्यांसाठी वाडीतल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून मोठी गाडी भाड्याने घ्यावी. नाहीतरी सहाचाकीत पेटीमागे वाहतूक स्वस्तच पडते.

कलमबाग:
चार बागायतदारांचा आंबा एकाच दिवशी तयार होत नाही. काढणी कोणाची सोमवारी, कोणाची गुरुवारी. मिळून गाडी करणं कागदावर छान दिसतं, पण थांबतो तो आंबा.

लोटे-परशुराम:
सीएनजीबद्दल कोणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. वाशीला जाणाऱ्यासाठी तोच मधला मार्ग आहे. किलोमीटरला खर्च डिझेलपेक्षा कमी, गाडीची किंमत विजेच्या गाडीपेक्षा कमी, काजळीची गाळणी नाही, धूर साफ करायला युरिया ओतणं नाही. दाभोळला जहाजातून उणे १६२ अंशांचा द्रव गॅस उतरतो, त्याचा वायू होऊन पाइपने थेट बंगळूरच्या दिशेने जातो. गुहागर तालुक्यात गॅस उतरत असताना कोकणातल्या गाडीवाल्याने पंपावर रांगेत का थांबावं? जिथे पाइप पोचलेला नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. तो ट्रक उशिरा आला की सगळे अडकले. मागणी करायची तर इंजिनाच्या आधी पाइपची करा.

बंदरावरचा गॅरेजवाला:
मासळीच्या गाडीला सीएनजी घेऊ नका, कळकळीने सांगतो. हौद्यातून बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकत असतं, वर समुद्राची हवा. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कशी सडते ते मी रोज बघतो. त्याच पाण्याखाली २०० बार दाबाची टाकी, तिचे पट्टे आणि नळ्या. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे आणि ती चुकवणारे कमी नाहीत. किराण्याच्या, पेट्यांच्या गाडीला सीएनजी चालेल. पण भरल्या गाडीने परशुराम घाट चढताना डिझेलची ओढ मिळणार नाही, गियर लवकर उतरवावा लागतो.

खारं पाणी विजेच्या गाडीलाही सोडत नाही. बॅटरीची पेटी बंद असते, पण कनेक्टर हिरवे पडतात. मोटारीला सुरुवातीपासून पूर्ण ओढ असते, उतारावर थोडी वीज परत बॅटरीत जाते, ब्रेक कमी झिजतात, हे सगळं खरं. पण ती उघडून दुरुस्त करणारा माणूस बंदरावर कुठे आहे? माझ्या हाताखालच्या पोरांना ते शिकायचंय, तालुक्याला शिकवणारं कोणी नाही.

घाटवळण:
दहाचाकीवाल्यांसाठी एक उपाय आपल्या दारातच आहे. कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक रेल्वेवर चढवून नेते, आणि २०२२ पासून तो पूर्ण मार्ग विजेचा झालाय. ट्रक डिझेलचाच, पण तेवढं अंतर त्याचं इंजिन बंद. गोव्याला जाणाऱ्या जड मालासाठी यापेक्षा स्वच्छ सोय मला दिसत नाही.

कलमबाग:
ती मुंबई-गोवा लांब मालाची सोय. देवगडच्या आंब्याला तिचा काय उपयोग?

खाडीकाठ:
आज नाही. म्हणूनच मी लांबच्या कामाला हात न लावता बंदरापासून सुरुवात करू म्हणतोय. बर्फ कारखान्यांकडे मोठ्या भाराची वीजजोडणी आधीच असते. तिथेच मच्छीमार सोसायट्यांनी दोन-तीन चार्जर लावावेत, म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर मागत बसायला नको.

बंदरावरचा गॅरेजवाला:
हंगामात कारखान्याचे कॉम्प्रेसर अखंड चालतात, त्याच लाइनवर गाड्या लावल्या तर भार झेपणार नाही. मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारखाने सुस्त असतात. वायरिंग तेव्हाच करता येईल, पण महावितरणकडे अर्ज त्याच्या कितीतरी आधी जायला हवा. सोसायटीच्या सभेत विषय मांडणार असाल तर मी येतो.