घरच्या ग्रुपवर: कलर ॲनालिसिस करून घ्यावं का?

शुक्रवार

वहिनी: सगळ्यांना एक विचारायचंय. पर्सनल कलर ॲनालिसिस कोणी करून घेतलंय का? एक बाई दीड तासाचं सेशन घेतात. चेहऱ्याजवळ रंगीत कापडं धरून बघतात आणि आपल्याला कुठले रंग शोभतात त्याचं कार्ड करून देतात. पुढच्या महिन्यात मी परत ऑफिसला जाणार, कपडे घ्यायचेच आहेत. कपाट भरलेलं आहे, पण त्यातलं निम्मं मी घालतच नाही. बुक करू का?

दादा: मला हे पत्रिका बघण्यासारखं वाटतं. तू वसंत, ती शिशिर. माणसांना ऋतूंची नावं देऊन चार खोक्यांत बसवायची आणि खोक्याप्रमाणे खरेदी करायला लावायची.

वहिनी: अहो, पण तुम्हीच म्हणता ना, हा टॉप नको, दमलेली दिसतेस. म्हणजे फरक पडतोच की.

दादा: फरक पडतो हे मान्य. तो चार नावांत मावतो हे मान्य नाही.

मी: वहिनी, मी करून घेतलंय. दोनदा. दोन्ही वेळा फोटो पाठवून. पहिल्यांदा उत्तर आलं ऑटम, म्हणजे मातकट, पिवळसर, गरम रंग. सहा महिन्यांनी दुसरीकडे विचारलं तर विंटर, म्हणजे बरोब्बर उलट. पहिला फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढला होता, दुसरा सकाळी खिडकीत. उजेड कुठला होता, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. तोवर मी माझं निळं-काळं जाकीट देऊन टाकलं होतं. फार आवडायचं ते मला, अजून वाईट वाटतं. फोटोवरून करणारे असतील तर अजिबात करू नकोस.

वहिनी: नाही ताई, समोर बसवून करतात.

मी: मग विचार करण्यासारखं आहे. आत्याला येऊ दे, तिचं ऐकू.

आत्या: आले. सगळं वाचलं. तेहेतीस वर्षं मी डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या, लॅबमध्ये शेड जुळवल्या, तेव्हा या विषयावर मला थोडं लांब लिहू द्या.

आमच्याकडे लाइट बॉक्स असायचा. आतून करडा रंग दिलेली पेटी, आणि बटण दाबलं की वेगवेगळा उजेड. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आमचा लॉट, म्हणजे आम्ही रंगवलेलं कापड, शेजारी ठेवायचं. दिवसाच्या उजेडात, म्हणजे साधारण ६५०० केल्विनच्या दिव्यात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), दोन्ही हुबेहूब. २७०० केल्विनचा पिवळा दिवा लावला की एक तांबूस आणि एक हिरवट. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन कापडांत डाय, म्हणजे रंगद्रव्यं, वेगळी असली तरी एका उजेडात डोळ्याला ते सारखे वाटतात, उजेड बदलला की चोरी उघडी पडते. कापडाचं हे होतं तर कातडीचं का नाही होणार? म्हणून उजेडाचं नाव न घेता कोणी सांगत असेल की तुमचा अमुकच रंग, तर ते अर्धवट आहे.

फोनचं तर विचारूच नका. कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो. गळ्याजवळ पिवळं कापड धरलं की तो अख्ख्या फोटोतला पिवळेपणा कमी करायला बघतो, आणि मग तोंडाचा रंगही बदलतो. आपल्याला वाटतं कापडाने जादू केली.

दादा: म्हणजे मी म्हणतो तेच. याला आधार नाही.

आत्या: घाई करू नकोस. आधार आहे, फक्त तो ऋतूंत नाही.

पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून डाइंग विभागाचे प्रमुख होते. तक्रार यायची की काळा डाय फिका पडतो, कापडावर ठसत नाही. त्यांनी तपासलं तर डाय उत्तम होता. गडद निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तोच काळा निस्तेज दिसायचा. शेजारचा रंग बदलला की डोळा रंग वेगळा वाचतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. कपडा आणि चेहरा हे तसेच शेजारी आहेत. हिरव्या कापडाजवळ कातडीतला लालसरपणा किंचित वाढल्यासारखा वाटतो. शिवाय कापडावरून उजेड उसळून हनुवटीखाली पडतो तो वेगळाच. पिवळं टी-शर्ट घालून खिडकीत उभा राहा आणि गळ्याकडे बघ.

वहिनी: आत्या, मग ते वॉर्म-कूल काय असतं? मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघा म्हणतात.

मी: ते मला सगळ्यात कच्चं वाटतं. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. शीर किती खोल आहे, वरच्या कातडीत मेलॅनिन किती आहे, उजेड कसा पडलाय, त्यावर ती निळी दिसेल की हिरवी ते ठरतं. कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थोडं कॅरोटीन यांच्या मिश्रणाने बनतो. त्यात दोन कप्पे नसतात, सरकती पट्टी असते. गरम म्हणजे पिवळटाकडे, थंड म्हणजे निळसराकडे, असा कल असतो, नाही असं नाही, पण मधल्या भागात खूप माणसं आहेत आणि त्यांना उगाच एका बाजूला ढकललं जातं.

ऋतूंची पद्धत घरोघरी पोचली ती कॅरोल जॅक्सन यांच्या १९८० च्या पुस्तकामुळे. आधी चार ऋतू, पुढे कोणी बारा केले, कोणी सोळा. सावळ्या आणि काळ्या माणसांना सुरुवातीच्या त्या पद्धतीत बहुतेक सरसकट विंटरमध्ये टाकलं जायचं. ज्या पद्धतीला एवढ्या माणसांत फरकच दिसत नाही, तिने मला माझा रंग सांगावा हे मला पटत नाही. याबाबत मी ठाम आहे.

दादा: मी शोधलं थोडं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले डेव्हिड पेरेट आणि राइनर स्प्रेंगलमेयर यांचा २०२१ चा अभ्यास आहे. लोकांना चेहरे दाखवले आणि कपड्याचा रंग निवडायला सांगितला. फिकट कातडीला लोकांनी निळ्याकडचे रंग जास्त दिले, रापलेल्या कातडीला नारिंगी-लालकडचे. म्हणजे रंग शोभण्यावर माणसांचं थोडंफार एकमत होतं, हे मी मान्य करतो. पण चेहरे सगळे गोऱ्या स्त्रियांचे होते. आपल्याला त्यातून किती घ्यायचं हा प्रश्न उरतोच.

मी: दादा, हे तू शोधून टाकलंस ते फार बरं केलंस.

आई: मी एक विचारू का? मला लहानपणापासून सांगितलं गेलं की गडद रंग घालू नकोस, आणखी काळी दिसशील. म्हणून मी आयुष्यभर फिकटच घातलं. आता केस पांढरे झालेत. मला काय शोभतं ते मला आजही माहीत नाही.

वहिनी: आई 🙏

मी: आई, हे तू कधी बोलली नाहीस.

आई: बोलण्यासारखं काही वाटलं नाही गं. सगळ्यांना तसंच सांगायचे.

आत्या: वहिनी (या मुलांच्या आईला म्हणतेय), ज्यांनी सांगितलं त्यांचं चुकलं. फक्त मनानेच नव्हे, डोळ्याच्या हिशोबानेही. गडद रंगाच्या शेजारी कुठलाही रंग उजळतो आणि अगदी फिकटाच्या शेजारी तोच गडद वाटतो. शेव्हरलने हेच दाखवलं. म्हणजे तुम्हाला ज्या भीतीने फिकट घालायला लावलं, ती भीती फिकट कपड्यानेच खरी केली असणार. माझ्या हाताखालून हजारो नमुने गेले, हे मी नुसतं वाचून सांगत नाही.

मी: आणि आई, उजळ दिसणं हे मोजमापच मला नकोय. चांगल्या रंगाची खूण ही की आधी डोळे दिसतात, ओठांचा रंग भरलेला वाटतो, डोळ्यांखालचं काळं मागे जातं. कातडी एक शेड गोरी दिसली का, हे बघायचंच नाही. कुठल्याही सेशनमध्ये हा रंग तुम्हाला गोरं दाखवतो असं वाक्य आलं तर मी तिथून उठेन. वहिनी, तूही ऊठ.

छोटू: मी मधेच घुसतो. ताई, मला लाल-हिरवं नीट कळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दुकानात मी करडा म्हणून उचलतो तो गुलाबी निघतो. मला गरम-थंडशी देणंघेणं नाही. पण माझ्यासाठी दहा रंग कोणी ठरवून दिले, नावं लिहून दिली, आणि कशावर काय चालतं ते सांगितलं, तर मी पैसे द्यायला तयार आहे. मला दर वेळी कोणाला तरी विचारावं लागतं.

मी: छोटू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुला याचा खरा उपयोग आहे.

आत्या: उद्या दुपारपर्यंत सगळ्यांनी थांबा. माझ्याकडे नमुन्यांची कापडं आहेत, सगळी एकाच सुती कापडाची, चमक नसलेली. चमक असली की डोळा फसतो. मी घेऊन येते. वहिनी, तुमच्या खिडकीचा पडदा काढून ठेवा. दिवे बंद. थेट ऊन नको.

वहिनी: मेकअप?

आत्या: काही नाही, लिपस्टिकही नाही. केस पांढऱ्या कापडाने झाकायचे, रंगवलेले असतील तर नक्कीच. अंगात पांढरं किंवा करडं.

शनिवार

मी: ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. अकरा ते दीड बसलो. आत्याने कापडं जोडीजोडीने धरली: दोन्ही सारख्याच गडद, पण एक पिवळट लाल आणि एक निळसर लाल. नंतर एकाच रंगाची फिकी आणि गडद. मग त्याच रंगाची झगझगीत आणि मळकट. रंग मोजायच्या अल्बर्ट मन्सेलच्या पद्धतीत रंगाची हीच तीन मापं असतात: मूळ छटा, फिकेपणा-गडदपणा आणि तीव्रता. एका वेळी एकच बदलायचं, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. सेशनमध्ये फिक्या पिवळ्यानंतर एकदम गडद निळं धरतात ना, तिथे गोंधळ होतो.

बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. ही अट दादाची, आणि सगळ्यात कामाची ठरली. एकाने "अहाहा" म्हटलं की बाकीच्यांना तेच दिसायला लागतं.

दादा: आणि तासाभराने, कापडांचा क्रम बदलून, पुन्हा सगळं केलं. आधीचे कागद मी बाजूला ठेवले होते. तुमच्या वहिनीच्या बाबतीत गरम-थंडच्या सहा जोड्यांपैकी फक्त दोन जोड्यांत आमचं उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. गडद-फिक्याच्या सहापैकी सहा. तीव्रतेच्या पाच. चार माणसांचा घरगुती प्रयोग आहे, याहून जास्त म्हणणार नाही. पण काल मी याला पत्रिका म्हणालो ते मागे घेतो. गडद-फिक्याचा परिणाम माझ्या डोळ्यांना दिसला.

वहिनी: माझं म्हणाल तर कपाटातले न घातलेले कपडे मी बाहेर काढले. जवळपास सगळे मधले, धुरकट रंग. मळकट गुलाबी, राखाडी-निळा, फिका तपकिरी. एकएकटा रंग छान, पण माझ्या काळ्याभोर केसांजवळ आणि डोळ्यांजवळ ते विझतात. मला वाटायचं माझं वजन वाढलंय म्हणून बरे दिसत नाहीत.

मी: तुझं हे वाक्य वाचून गळा दाटला गं. किती वर्षं आपण कपड्याचा दोष अंगावर घेतो.

छोटू: मग ते सगळे कपडे द्यायचे का?

आत्या: मुळीच नाही. चेहऱ्यापासून लांब गेलं की हा प्रश्नच राहत नाही. पॅन्ट कुठल्याही रंगाची घाला. धुरकट टॉपवर गळ्याशी गडद ओढणी किंवा स्कार्फ घेतला की झालं. एका कार्डासाठी चांगले कपडे टाकायला सांगणारा माणूस मला चालत नाही.

मी: सेशनबद्दल माझं मत असं. वहिनी, तुला आता गरज नाही. तुला जे कळायला हवं होतं ते कळलं. ज्याला बघायला चार प्रामाणिक डोळे आणि चांगली खिडकी मिळत नाही, त्याने जावं. केस अचानक पांढरे झाले, किंवा आजारपणानंतर गेले आणि वेगळे उगवले, अशा वेळी माणसाला स्वतःचा चेहरा नव्याने ओळखायचा असतो, तेव्हाही जावं. जाण्याआधी फोन करून विचारायचं: कुठल्या उजेडात करता, लिपस्टिक-मेकअप आधी काढायला लावता का, आणि सावळ्या माणसांसोबत किती काम केलंय. यावर गुळमुळीत उत्तर आलं तर सोडून द्यायचं.

वहिनी: मी त्या बाईंना फोन केला. उजेडाबद्दल नीट सांगितलं त्यांनी, ठरावीक दिवे आहेत आणि खोली करडी आहे. मी माझं रद्द केलं, पण छोटूभाऊजींबद्दल विचारलं. त्यांनी आधी कधी रंगांधळ्या माणसासाठी केलेलं नाही, पण कार्डावर रंगांची नावं आणि जोड्या लिहून देईन म्हणाल्या.

छोटू: वहिनी, तुम्ही माझ्यासाठी विचारलंत? घ्या तारीख. ताई, तू ये बरोबर. कपड्यांच्या आत नावाच्या पट्ट्या शिवायच्या असतील तर त्याही त्याच दिवशी ठरवू.

मी: येते. पट्ट्या मी शिवते.

दादा: आई दुपारपासून गप्प आहे. आई, तुझ्या कागदांवर काय आलं ते आपण बोललोच नाही.

मी: मी सांगते. आईच्या बाबतीत दोन्ही वेळा, चारही कागदांवर, एकच कापड पहिलं होतं. गडद जांभळं. पांढऱ्या केसांवरचं कापड काढलं आणि पुन्हा धरलं, तरी तेच.

आई: मी आरशात बघितलं तेव्हा काही बोलले नाही, कारण मला माझी आई दिसली.

आत्या: वहिनी, ते कापड तुमच्याकडेच राहू द्या.

आई: राहू दे म्हणजे काय, ते मी मघाशीच घडी करून ठेवलंय. अडीच मीटर आहे. त्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता होईल का?

आत्या: होईल. बाह्यांना कमी पडलं तर त्याच लॉटचा अजून एक तुकडा आहे माझ्याकडे.