घाबरून पार गळालो आणि मग देवावर सोडलं, असं तुमचं कधी झालंय?

तुळशीपुढची
चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली म्हणून काल देवखोलीतलं कपाट आवरायला घेतलं. अंगाऱ्याच्या पुड्या, जुनी पंचांगं आणि त्यांच्यामागे ऑक्सिमीटर. आत सेल फुटून सगळं हिरवं झालेलं. मांयने (सासूबाईंनी) तो देवांच्या कपाटात ठेवला होता आणि नंतर कुणी हलवलाच नाही. हातात घेतला आणि पोटात खड्डा पडला.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळाचा वारा. शेजाऱ्यांचा फणस तारांवर पडला आणि लाइट गेली ती दोन दिवस. मामंजी पॉझिटिव्ह, आतल्या खोलीत पालथे झोपवलेले. आकडा ९२, ९१, परत ९३. नव्वदच्या खाली गेला की हलवा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं. हलवणार कसं? वाटेवर माड आडवे, नवरा मुंबईत अडकलेला, माझ्या मोबाइलला ११ टक्के. दर पाच मिनिटांनी मी त्यांचं बोट धरत होते. शेवटी मांय म्हणाली, "सोड ते बोट. अर्ध्या तासाने बघ. तोवर इथे येऊन बस."

समईत तेल घातलं आणि गाऱ्हाणं घालायला लागली. गाऱ्हाणं कसलं, भांडणच. "ह्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं तुझ्या पालखीला खांदा दिला, विसरलास? औषध दिलं, वाफ दिली, सून रात्रभर जागी आहे. आमचं करून झालं. आतां तूं पळय (बघ)." आणि वात सारखी करत बसली. मला तेव्हा विश्वास वगैरे काही वाटला नाही, खोटं कशाला बोलू. पण अर्धा तास आकड्याऐवजी ज्योतीकडे बघितलं आणि माझा श्वास जरा खाली आला. पहाटे ९४. तेच मामंजी आता अंगणात बसून सांगतात, तुळशीला पाणी जास्त घालतेस.

तुमचं लिहा. लहान, मोठं, कसंही.

नादुरुस्त
ऑक्सिमीटर टाकू नका हां. सेल काढून आत लिंबाच्या रसाने पुसा, चालतो कधी कधी.

खाणीवरचा
आमचं २०१२. सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद, दारात दोन ट्रक, दोन्हींवर बँकेचं कर्ज. बाबा रोज सकाळी सहाला दोन्ही ट्रक चालू करून ठेवायचे, बॅटरी बसू नये म्हणून. जायचं कुठेच नव्हतं. पुढे फूल, उदबत्ती, दहा मिनिटं घरघर, आणि बंद. आई आतून ओरडायची, डिझेल काय देव घालणार?

एक ट्रक विकायचा का हे विचारायला देवळात गेलो. प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. अर्धा तास झाला, एक पाकळी हलेना. बाबांना दरदरून घाम. मग उजवी पडली. म्हणजे विक. बाबा म्हणाले, परत लावा. परत उजवी. तिसऱ्यांदा लावा म्हणाले तेव्हा भटजी वैतागले, "अहो, देवाला ऐकू येतं. तुम्हाला येत नाही."

विकला. पडेल भावात, पण विकला. थांबून राहिलेल्यांचे कित्येक ट्रक दारातच गंजले. २०१८च्या मार्चमध्ये परत सगळं ठप्प झालं तेव्हा आमच्याकडे एकच होता आणि त्याचं कर्ज फिटलेलं.

पेडण्याची बाय
भटजी!! हसून हसून चहा सांडला.

अर्धवट नास्तिक
पाकळी पडली कारण ती चिकटवायला लावलेलं पाणी सुकलं. विकायचं बाबांच्या मनात आधीच होतं, एकट्याने ठरवायची हिंमत होत नव्हती एवढंच. राग मानू नका.

खाणीवरचा
राग कसला, बाबाही हेच म्हणतात. पण एकट्याने ठरवलं असतं तर आईने जन्मभर ऐकवलं असतं. आता ती देवाला ऐकवते.

वास्कोची
मांगोर हिल. जून २०२०, गोव्यातला पहिला कंटेनमेंट झोन आम्ही. वाट अडवलेली. ओळखीची माणसं फोनवरसुद्धा लांबून बोलायची!

दामोदराचा सप्ताह ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत साथ आली. लोक जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणून इथे ठेवला आणि चोवीस तास भजन धरलं. साथ ओसरली, असं सगळे सांगतात. तेव्हापासून दर श्रावणात जुना नारळ समुद्रात सोडतात, नवा देवापुढे ठेवतात. लहानपणी मला सप्ताह म्हणजे फेरी (जत्रा), खाजें (आलं-गुळाचा कडक खाऊ) आणि चप्पल हरवणे.

२०२०ला तो मोजक्या माणसांत झाला. पप्पांनी आमच्या गच्चीवर टाळ काढले. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी पेटी धरली, खालून एक जण ताट बडवत होता, तालाशी संबंध नाही. पप्पा मधेच थांबून म्हणाले, पहिलं भजन धरलं तेसुद्धा साथीला भिऊनच गेले होते ना गो जांबावलीला? आणि परत सुरू झाले. मला रडू आलं, का ते आजही सांगता येत नाही.

पेडण्याची बाय
खाजें कुणाकडचं घ्यावं? गेल्या वेळचं दगड होतं अगदी.

वास्कोची
आलं मोप घातलेलं बघून घे. दगड असणारच, खाजें आहे ते, केक नव्हे.

अंत्रुजकरीण
घाबरायची लाज कशाला? आमच्या फोंड्याकडचे मोठे मोठे देवच नदीपार आलेले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. सोळाव्या शतकात तिकडे पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती जुवारीच्या अलीकडे आणल्या. म्हणून मी मंगेशीला गेले की मागणं घालत नाही. बरा आहेस ना, एवढं विचारते आणि वाटेत सोनचाफा घेऊन घरी येते.

अर्धवट नास्तिक
हे मात्र पटलं.

सत्तरीची सून
२३ जुलै २०२१. पाणी पायरीला लागलं तर आमचे सासरे आधी देवांचा डबा घेऊन माडीवर. मग गाय सोडली. मग आम्ही! पोर माझ्या कडेवर, इतकी चिडले होते मी. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मग विचारलं तर म्हणाले, "देव वर ठेवले की मागचा घोर नाही, मग हात मोकळे होतात." त्याच मोकळ्या हातांनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना उचलून आणलेलं, तेही खरं.

तांदूळ गेले, फ्रिज तरंगत दारापर्यंत आला, लग्नाच्या अल्बमचा चिखल. गाय तिसऱ्या दिवशी वरच्या वाड्यावर सापडली, मजेत चरत. पदेराने (पाववाल्याने) आठवडाभर पावाचे पैसे घेतले नाहीत. देव म्हटला की मला त्याच्या सायकलचा पोंपों आठवतो.

नादुरुस्त
लग्नाचा अल्बम गेला हे वाईट की बरं?

सत्तरीची सून
नवऱ्याला विचारते आणि सांगते.

म्हापशाचो
माझं ऑपरेशन होतं तेव्हा आईने लईराई देवीला बोलून ठेवलं आणि शेजारच्या कॅथलिक आजीने मिलाग्र सायबिणीला (म्हापशाच्या चर्चमधल्या मेरीमातेला) तेल घातलं. बरा झाल्यावर विचारलं, दोघींतली नेमकी कोण पावली? आजी म्हणाली, "बहिणी त्या. तू मधे पडू नको."

हळदीचं पान
तीन दिवस वाचतेय, लिहू की नको. उद्या सकाळी बांबोळीला बाबांचं ऑपरेशन. मला देवबिव काही सुचत नाही. हात गार पडलेत. तुम्ही सगळे होऊन गेलेलं सांगताय, आमचं व्हायचंय.

तुळशीपुढची
अगो आधी का नाही बोललीस? सोबत कोण आहे?

हळदीचं पान
मी एकटीच. भाऊ दुबईत. परवा पोचेल.

अर्धवट नास्तिक
रक्त सांगितलंय का? माझं ओ पॉझिटिव्ह. पणजीत असतो, सातला येतो. लागलं नाही तर कॅंटीनचा चहा पिऊ.

तुळशीपुढची
मी रायबंदरला, दहा मिनिटं. बाबांना चालणार नाही, तुझ्यासाठी डबा आणते. मांय बाबांचं नाव विचारतेय, वात लावायला निघालीय. गोत्र नको म्हणते, नाव पुरे.

हळदीचं पान
नाव आणि वॉर्ड दोघांनाही निरोपात पाठवलंय. देव बरें करूं.

तुळशीपुढची
मिळालं. पेज आणू की पाव-भाजी?

हळदीचं पान
पेज. आणि आंब्याच्या लोणच्याची एक फोड, असेल तर.