प्रिंटर, आवाज, वायफाय तिन्ही बंद. फॉरमॅट न करता काही होईल का?

शिकवणी_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून लिहितेय, कॉम्प्युटरला नेटच लागेना. मी शाहूपुरीत घरी दहावीच्या संस्कृतच्या शिकवण्या घेते. रविवारी सराव परीक्षा आहे, अठरा मुलं आहेत आणि प्रश्नपत्रिका त्या मशीनमध्ये अडकलीय.

गडहिंग्लजचा भाचा सुट्टीला आलाय. "मावशी, किती स्लो चालतंय गं हे" म्हणून त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून एक बॅच फाइल (कमांडची यादी असलेली) उतरवली आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली. काळ्या खिडकीत ओळी भराभर पळाल्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सक्सेस'. रिस्टार्ट केल्यावर मशीन खरंच लवकर उघडलं, पण स्पीकरवर लाल फुली, वायफायचं चिन्ह गायब आणि वर्डमध्ये प्रिंटरची यादी कोरी. पोरगं रडकुंडीला आलंय, त्याला मी काही बोलले नाही.

विंडोज १० आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबून, 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाकून सर्व्हिसेसची, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी उघडली. छपाई सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरपुढे 'डिसेबल्ड' होतं आणि स्टार्टचं बटण फिकट. ऑटोमॅटिक केलं, ॲप्लाय केलं, मग स्टार्ट दाबलं तर एरर १०६८. मशीन आधीच्या स्थितीत परत न्यायला रिस्टोर पॉइंट एकही नाही. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, आणून टाका, फॉरमॅट मारून देतो.

फॉरमॅट मला नकोय. २०१९ च्या पुरात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हा सीपीयू चादरीत गुंडाळून मी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेला होता. नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत त्यात, धातुरूपांचे तक्ते आहेत, श्लोक म्हणून रेकॉर्ड केलेल्या फाइली आहेत. कुणीतरी सांगा की.

इचलकरंजीकर

ताई, यादीतल्या जेवढ्या डिसेबल्ड दिसतील तेवढ्या सगळ्या ऑटोमॅटिक करून रिस्टार्ट मारा. विषय संपला.

कळंबा_हार्डवेअर

इचलकरंजीकर, असं सांगू नका. रिमोट रजिस्ट्री, राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस या सर्व्हिस विंडोज स्वतःच बंद ठेवून देतं. त्या उघडल्या तर घरच्या मशीनला फायदा शून्य आणि बाहेरून आत यायला एक दार जास्त.

ताई, आधी पेनड्राइव्ह लावा आणि तुमचे कागद त्यावर घ्या. त्याला नेट लागत नाही, प्रिंटर लागत नाही. ते झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

तुमचं मशीन बिघडलेलं नाही. त्या फाइलने सर्व्हिसच्या पुढचा शिक्का बदलला, एवढंच. ओळीमागे 'सक्सेस' आलं ते त्याचंच. फाइल अजून असेल तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. राइट क्लिक करून एडिट करा, नोटपॅडमध्ये उघडेल. काय काय बंद केलं त्याची यादी आयती मिळते.

आता १०६८. याचा अर्थ स्पूलर ज्यांच्या आधारावर उभा राहतो, त्यातलं काहीतरी बंद आहे. सर्व्हिसवर डबल क्लिक करा, डिपेंडन्सीजच्या टॅबवर जा. वरच्या चौकटीतली नावं आधी चालू झाली पाहिजेत. आवाजाचंही तसंच: आधी विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर, मग विंडोज ऑडिओ, दोन्ही ऑटोमॅटिक. वायफायला डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग, आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळायला डीएचसीपी क्लायंट. एकेक करा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा, आधी काय होतं, आता काय केलं.

शिकवणी_शाहूपुरी

दादा, पेनड्राइव्हवर सगळं घेतलं. मग आवाज आला! एंडपॉइंट बिल्डर बंदच होता. तो चालू केल्यावर विंडोज ऑडिओ पहिल्या झटक्यात सुरू झाला. वायफायही लागलं. भाच्याने ती फाइल उघडली, त्यात एकूण ३७ ओळी आहेत, आम्ही दोघं वहीत उतरवतोय.

पण स्पूलरचं १०६८ हटेना. डिपेंडन्सीजमध्ये दोनच नावं आहेत, रिमोट प्रोसिजर कॉल आणि एचटीटीपी सर्व्हिस. पहिलं चालू आहे. दुसरं मोठ्या यादीत वरपासून खालपर्यंत तीनदा शोधलं, त्या नावाचं काही नाहीच.

कळंबा_हार्डवेअर

नसणारच. एचटीटीपी हा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या अगदी आतला भाग आहे आणि त्या यादीत ड्रायव्हर दिसत नाहीत. माझ्याकडे असं मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा माझी अख्खी दुपार यात गेली होती. प्रिंटरचा ड्रायव्हर काढून घातला, केबल बदलली, सगळं केलं.

स्टार्ट मेनूत सीएमडी शोधा, राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं: एससी, स्पेस, कॉन्फिग, स्पेस, एचटीटीपी, स्पेस, स्टार्ट, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, मग स्पेस आणि डिमांड. चिन्हाच्या आधी स्पेस नको, नंतर हवीच. तिथे चुकलं तर कमांड लागत नाही. एंटर मारल्यावर 'सक्सेस' यायला पाहिजे. या वेळचं 'सक्सेस' आपल्या बाजूचं. मग नेट, स्पेस, स्टार्ट, स्पेस, स्पूलर.

एवढ्यावर नाही झालं तर एकदा रिस्टार्ट करा. तरीही नाही झालं तर शाहूपुरीत मी येऊन जातो, मशीन उचलून आणू नका.

शिकवणी_शाहूपुरी

झालं! पहिल्यांदा स्पेस विसरले, दुसऱ्यांदा 'सक्सेस' आलं. स्पूलर चालू झाला आणि वर्डमध्ये प्रिंटरचं नाव परत दिसलं. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा अजून गरम होतं, लृट् लकाराचा तक्ता, एकही रेघ तुटलेली नाही. दादा, तुमचे उपकार कसे फेडू सांगा. अठरा प्रती निघतायत, भाचा स्टेपल मारतोय.

एकच विचारते. वहीतल्या ३७ पैकी विंडोज अपडेट अजून डिसेबल्ड आहे. ते ऑटोमॅटिक करू का मॅन्युअल?

कळंबा_हार्डवेअर

मॅन्युअल. लागेल तेव्हा विंडोज त्याला स्वतः उठवतं. आणि फॅक्सची ओळ त्या फाइलमध्ये असेल तर ती राहू दे बंद, तुम्हाला लागायची नाही.